बंबखान्याची घंटा

एकदा एका नदीकाठच्या व्यापारी नगरात कापसाच्या वखारींना आग लागली. दिवस उन्हाळ्याचे, वारा पश्चिमेचा आणि वखारी एकमेकींना खेटून उभ्या. अर्धी पेठ संध्याकाळपर्यंत राख होते की काय, असा तो प्रसंग होता. पण नगराच्या बंबवाल्यांनी आगीला दोन वखारींच्या पुढे सरकू दिले नाही. हमाल बाहेर निघाले, मुनीम बाहेर निघाले, मागच्या गल्लीतली बायकामुले वेळेवर हलवली गेली. पेठ वाचली. बंबवाल्यांतले तिघे मात्र घरी परतले नाहीत. हैबती आणि इस्माईल यांच्यावर भिंत कोसळली. तिसरा दौलत. तो एकदा सुखरूप बाहेर आला होता. पण पुन्हा आत गेला, आणि तो आत असतानाच वखारीचा माळा खाली आला.

नगर कृतघ्न नव्हते. तिघांचा अंत्यविधी झाला त्याच आठवड्यात पेठेतून मदत जमू लागली. ज्यांची दुकाने वाचली त्यांनी सढळ हाताने दिले, ज्यांचे काही जळणारच नव्हते त्यांनीही जमेल तेवढे दिले. भाजीवाल्या बायकांनी आपसांत गोळा करून पाठवले. या साऱ्याच्या तीन सारख्या थैल्या करण्यात आल्या आणि त्या नदीपलीकडच्या पाठशाळेतल्या वृद्ध आचार्यांच्या स्वाधीन केल्या गेल्या. आचार्यांच्या हातून जे जाते ते वाटेत कमी होत नाही, असा त्यांच्याविषयी लौकिक होता. थैल्या घरोघर पोचवायच्या, एवढेच काम उरले होते.

तेवढ्यात एक गोष्ट उठली.

दौलतचा देह जिथे सापडला, तिथून हाताच्या अंतरावर नगरशेठांची लोखंडी पेटी होती. जळलेली वखार नगरशेठांचीच. पेटी बंद होती, तिला कोणी हात लावल्याची खूण नव्हती. पण पानाच्या दुकानावर कोणीतरी म्हणाले, "पेटीसाठी गेला असेल." दुसऱ्या दिवशी त्या वाक्यातला 'असेल' गळून पडला. तिसऱ्या दिवशी पंचांच्या कानावर गेले, आणि पंचांनी ठरवले की दौलतच्या घरची थैली चौकशी होईपर्यंत थांबवावी. मग कोणीतरी शंका काढली, की दोन घरी दिले आणि एका घरी दिले नाही तर उगाच चर्चा होईल. त्यापेक्षा वाटप एकदमच करावे. अशा रीतीने तिन्ही थैल्या आचार्यांच्या कपाटात पडून राहिल्या.

नगरशेठ स्वतः पाठशाळेत हा निरोप घेऊन आले. माणूस वाईट नव्हता. सर्वांत मोठी रक्कम त्यांचीच होती.

"गुरुमहाराज, माझं स्वतःचं म्हणाल तर मी आजही देऊन टाकीन," ते म्हणाले. "पण पैसा चार लोकांचा. उद्या एखाद्यानं विचारलं की जो पेटीकडे गेला त्याच्या घरी दान कसं पोचवलंत, तर मी काय उत्तर देऊ? दान सत्पात्री पडावं, एवढीच इच्छा."

आचार्यांनी ते ऐकून घेतले. नगरशेठ गेल्यावर त्यांनी आपल्या शिष्याला हाक मारली.

शिष्याचे नाव श्रीरंग. पंधरा वर्षे पाठशाळेत राहून त्याने न्यायशास्त्राचे अध्ययन केले होते, आणि आता तो स्वतः धाकट्या विद्यार्थ्यांना तर्क शिकवीत असे. कोणतेही विधान समोर आले, की त्याला प्रमाण काय, हा प्रश्न त्याच्या मनात आपोआप उभा राही.

"श्रीरंगा," आचार्य म्हणाले, "उद्या दौलतच्या घरी जाऊन ये."

श्रीरंगाला आनंद झाला. आपल्या विद्येचा उपयोग होण्याची वेळ आली, असे त्याला वाटले.

दुसऱ्या दिवशी तो आधी बंबखान्यात गेला. दौलत आत गेला तेव्हा त्याच्या कमरेच्या दोराचे दुसरे टोक भिकाजी नावाच्या बंबवाल्याच्या हातात होते. दोर सुटू द्यायचा नाही म्हणून त्याने तो शेवटपर्यंत धरला होता, आणि त्याच्या दोन्ही तळव्यांना अजून फडकी गुंडाळलेली होती.

"दौलत पुन्हा आत का गेला?" श्रीरंगाने विचारले.

"म्हणाला, आतनं आवाज येतोय."

"कसला आवाज?"

"ते विचारायला वेळ कुठं होता, शास्त्रीबुवा?"

"तुम्ही स्वतः तो आवाज ऐकलात?"

"नाही ऐकला. बंबाचा दांडा खडखडत होता माझ्या कानाशी. खोटं कशाला बोलू?"

"नंतर आत कोणी सापडलं?"

"कोणी नाही. दौलतच सापडला."

श्रीरंगाने मान हलवली. भिकाजी प्रामाणिक होता, हे उघड होते. पण त्याच्या साक्षीने काहीच सिद्ध होत नव्हते.

तिथून तो बंबवाल्यांच्या चाळीत गेला. दौलतच्या खोलीचे दार उघडेच होते. आत एक ट्रंक, दोन बोचकी आणि दोरीने बांधलेली एक वळकटी, असे सामान भिंतीला लावून ठेवले होते. दौलतची बायको सगुणा चुलीवरची भांडी घासून पुसून टोपलीत रचत होती. कोपऱ्यात तिचे सासरे बसले होते. त्यांना दृष्टी नव्हती. पावलांची चाहूल लागताच ते भिंतीचा आधार घेत उठले आणि हात जोडून उभे राहिले, ते दाराच्या जरा बाजूला तोंड करून.

"बाहेरगावी निघालात?" श्रीरंगाने विचारले.

"खोली बंबखान्याची आहे," सगुणा म्हणाली. "नवा माणूस येणार. त्याच्या बायकापोरांना जागा नको? भावाकडं जातो आम्ही. त्याचं घर लहान आहे, पण बघू. मामंजींना तिथली वाट माहीत नाही. इथं ते एकटे नळापर्यंत जातात, चावडीपर्यंत जातात. तिथं सगळं पहिल्यापासून शिकायचं."

"मी पाठशाळेतून आलो आहे. तुमच्या यजमानांविषयी थोडं विचारायचं होतं."

"पेटीचं ना?" तिचा आवाज चढला नाही. "विचारा."

श्रीरंग ओशाळला. तरी त्याने विचारले, "तुम्हाला काय वाटतं? आत खरंच कोणी होतं?"

सगुणाने हातातली थाळी खाली ठेवली.

"मला काय माहीत? मी तिथं नव्हते. असेल कोणी, नसेलही. मागं एकदा तेलाच्या घाण्याला आग लागली होती, तेव्हा असेच आवाज ऐकून आत गेले. दोन्ही हात भाजून आले बाहेर. आत कोणी नव्हतंच. ओलं लाकूड जळताना माणसागत कण्हतं म्हणे. मी चिडले. म्हटलं, लाकडासाठी हात जाळून घेतलेत? तर हसायला लागले. म्हणाले, कोणी नव्हतं, हे बरंच झालं की! असतं तर त्याचं काय झालं असतं?"

मग तिने विचारले,

"तुम्ही शिकलेले आहात. तुम्हाला काय वाटतं? ते पेटीसाठी गेले?"

श्रीरंगाने प्रामाणिकपणे उत्तर दिले, "मला अजून निश्चित सांगता येत नाही."

"मग निश्चित झालं, की या," ती म्हणाली, आणि पुन्हा भांडी पुसू लागली. सासरे अजून हात जोडून उभेच होते. श्रीरंगाने त्यांना बसा म्हणून सांगितले आणि तो बाहेर पडला.

नदी ओलांडताना त्याला कसेसेच होत होते, पण का, ते नीट कळत नव्हते. आपण एकही शब्द खोटा बोललो नाही, कोणाचा अपमान केला नाही, असे तो स्वतःला सांगत राहिला. पाठशाळेत पोचल्यावर त्याने आचार्यांपुढे सारा वृत्तांत मांडला.

"प्रत्यक्ष पाहणारा कोणी नाही," तो म्हणाला. "भिकाजीचा शब्द विश्वसनीय आहे, पण तो फक्त दौलतचे वाक्य सांगतो, आवाजाची साक्ष देत नाही. अनुमान करावे, तर ते दोन्ही बाजूंनी होते. पेटी जवळ होती, हेही खरे. ती उघडलेली नव्हती, हेही खरे. गुरुदेव, या प्रश्नाचा निर्णय होणे शक्य नाही."

"तिने तुला काही विचारले का?"

"विचारले. मला काय वाटते, असे विचारले."

"आणि तू?"

"निश्चित सांगता येत नाही, असे म्हणालो. तेच सत्य होते."

आचार्यांनी त्याच्याकडे पाहिले. त्या पाहण्यात राग नव्हता. "तिच्या घरी आणखी काय पाहिलेस?"

श्रीरंगाने बांधलेल्या सामानाचे सांगितले. सासऱ्यांना चावडीपर्यंतची वाट पाठ आहे, तेही सांगितले. बोलताना त्याच्या लक्षात आले, की हे सांगताना आपला आवाज बदलला आहे.

आचार्य म्हणाले, "पंचांना निरोप पाठव. परवा दुपारी निर्णय सांगतो. पण पाठशाळेत नको, बंबखान्यात या म्हणावे."

पंचांना जागेचे नवल वाटले, तरी सगळे आले. बंबखान्याच्या ओसरीवर त्यांच्यासाठी बाक मांडले होते. ऊन मी म्हणत होते. आतल्या पडवीत बंबवाले जेवायला बसले होते. एकजण मागच्या आडावर अंघोळ करीत होता, दोघे भिंतीला टेकून डुलक्या काढत होते. आचार्य आले, त्यांनी बंबखान्याच्या जमादारांना बाजूला घेऊन काही विचारले. जमादारांनी आधी नकारार्थी मान हलवली, मग थोडा विचार करून होकारार्थी हलवली. पंच पाणी पिऊन, उपरण्याने वारा घेत, आचार्य काय बोलतात याची वाट पाहू लागले.

आचार्य बोललेच नाहीत. ते ओसरीच्या टोकाला गेले, तिथे टांगलेल्या मोठ्या पितळी घंटेचा दोर त्यांनी दोन्ही हातांनी धरला, आणि आपल्या वयाला शोभणार नाही इतक्या जोराने घंटा वाजवायला सुरुवात केली.

श्रीरंग दचकून उभा राहिला. पंच घाबरून रस्त्याकडे, आकाशाकडे, धूर कुठे दिसतो का म्हणून पाहू लागले. एवढ्यात पडवीतून बंबवाले धावत आले. एकाच्या हाताला आमटी लागलेली होती, ती त्याने धावता धावता धोतराला पुसली. आडावरचा माणूस तसाच निथळत्या अंगाने आला आणि ओल्या डोक्यावरच त्याने टोप चढवला. भिकाजीने फडकी गुंडाळलेल्या हातांनी बंबाचा दांडा पकडला. दरवाजे उघडले गेले, बंबाची चाके खडखडत ओसरीपुढे आली, आणि सगळ्यांच्या पुढे असलेल्या बंबवाल्याने धापा टाकत एकच शब्द उच्चारला.

"कुठं?"

आचार्यांनी घंटेचा दोर सोडला आणि त्या माणसांपुढे हात जोडले.

"बाबांनो, आग कुठेच नाही. घंटा मी वाजवली. जमादारांची परवानगी घेऊन वाजवली. पण तुम्हाला भरल्या ताटावरून उठवले, हा माझा अपराध आहे. मला क्षमा करा."

बंबवाले एकमेकांकडे पाहू लागले. कोणी रागावेल, निदान कुरकुर तरी करील, असे श्रीरंगाला वाटले. भिकाजीने खांद्याने कपाळाचा घाम पुसला.

"म्हणजे नाही ना कुठं?" त्याने खात्री करून घेतली. "मग बरं झालं, महाराज."

ते बंब मागे घेऊन गेले. निथळणारा माणूस आडाकडे परतला, जेवणारे ताटांवर जाऊन बसले. पडवीतून कोणाच्या तरी हसण्याचा आवाज आला.

श्रीरंग पडवीकडे पाहत राहिला. भिकाजीचे ते चार शब्द त्याने परवाच, वेगळ्या माणसाच्या नावाने, एका बांधाबांध केलेल्या खोलीत ऐकले होते. तेव्हा ते त्याने केवळ साक्ष म्हणून ऐकले होते. ते साक्षीत बसत नव्हते म्हणून सोडूनही दिले होते.

आचार्य पंचांसमोर येऊन बसले. त्यांचा श्वास अजून लागलेला होता.

"आपण निर्णय ऐकायला आलात," ते म्हणाले. "मी काय निर्णय सांगणार? त्या वखारीत कोणी होते की नव्हते, हे मला ठाऊक नाही, आणि आता कोणालाच ठाऊक होणार नाही. पण ही माणसे आत्ता आपल्यासमोर धावत आली. कोणाचे घर, तो मनुष्य भला की बुरा, आत खरोखर कोणी आहे याला पुरावा काय, असे त्यांतल्या एकाने तरी विचारले का? ते एकच गोष्ट विचारतात, आणि तीही पोचता यावे म्हणून विचारतात. शेठजी, त्या दिवशी आपल्या वखारीशी जर ते चौकशी करीत थांबले असते, तर आज आपण कोणत्या पेठेत बसलो असतो? दौलत पुराव्यावाचून आत गेला. म्हणूनच आपण त्याला बंबवाला म्हणून ठेवला होता. आता त्याच्या बायकोकडे मात्र आपण पुरावा मागतो आहोत. आणि तिच्यापायी हैबतीची मुले, इस्माईलची म्हातारी आई, तीही दारात बसून आहेत. दान कोणाला द्यावे याचा विवेक असावा, हे मीच विद्यार्थ्यांना शिकवतो. पण जो दुसऱ्यासाठी गेला, त्याच्या घरी तरी त्याच्याच रीतीने जावे."

नगरशेठ खाली पाहत होते. त्यांचा उपरण्याने वारा घेणारा हात केव्हाच थांबला होता.

"माझ्या पेटीत," ते म्हणाले, "त्या दिवशी काही नव्हतं, गुरुमहाराज. जुन्या किल्ल्या होत्या. पानाच्या दुकानावर बोलणं चाललं होतं तेव्हा मी तिथंच उभा होतो. एवढं सांगितलं असतं तरी पुरलं असतं. मला वाटलं, आपण कशाला मध्ये पडा." मग ते उठले. "थैल्या आजच द्या. मी स्वतः घेऊन जातो."

"आज श्रीरंग जाईल," आचार्य म्हणाले. "आपण पुढच्या महिन्यात जा. दिवाळीला जा. हातात थैली नसताना जा. तेव्हा त्या घरी फारसे कोणी येत नसेल."

जमादार इतका वेळ खांबापाशी उभे होते. त्यांनी घसा साफ केला. "आणि खोलीचं, शेठजी? नवा माणूस पहिल्या तारखेला येतोय."

"खोली राहू द्या त्यांना," नगरशेठ म्हणाले. "माझ्या दुसऱ्या वखारीमागं दोन खोल्या मोकळ्या आहेत. नव्या माणसाला तिथं उतरवा."

ऊन उतरल्यावर श्रीरंग थैल्या घेऊन निघाला. निघण्यापूर्वी तो आचार्यांना म्हणाला, "गुरुदेव, चौकशी निष्फळ होणार हे आपल्याला माहीत होते. मग मला कशासाठी पाठवलेत?"

"चौकशी कर, असे मी कुठे म्हणालो होतो?" आचार्य म्हणाले. "घरी जाऊन ये, म्हणालो होतो."

हैबतीच्या घरी त्याची बायको थैली हातात घेऊन नुसती उभी राहिली आणि मुले तिच्याभोवती जमली. इस्माईलच्या आईने श्रीरंगाच्या डोक्यावरून हात फिरवला आणि त्याला दुआ दिली. सगुणाच्या दारात तो पोचला, तेव्हा चाळीत दिवेलागण होत होती. सामान तसेच बांधलेले होते.

तिने त्याला पाहिले आणि विचारले, "झालं निश्चित?"

"नाही," श्रीरंग म्हणाला. "आता ते करायचंही नाही. बाई, परवा तुम्ही मला विचारलंत तेव्हा मी तुमच्यासमोर शास्त्र सांगत बसलो. चुकलो. हे नगरानं पाठवलं आहे. यायला उशीर झाला, तोही आमचाच दोष. खोली तुमचीच राहणार आहे, जमादार उद्या येऊन सांगतील."

सगुणा लगेच पुढे आली नाही. दाराच्या चौकटीला धरून ती उभी राहिली. तिच्या चेहऱ्यावर आनंद नव्हता. पुष्कळ दिवस ताणून धरलेले काहीतरी हळूहळू सैल पडत होते. मग तिने पदराने हात पुसले, दोन्ही हातांनी थैली घेतली, आणि सासऱ्यांजवळ जाऊन त्यांचा हात थैलीवर ठेवला.

"कोण आलंय, सगुणा?" त्यांनी विचारले.

"पाठशाळेतले शास्त्रीबुवा. गावानं पाठवलंय, मामंजी. आपल्याला जायचं नाहीये."

म्हाताऱ्यांनी अंदाजाने हात पुढे केला. श्रीरंगाने तो धरला आणि तो तिथेच, त्यांच्याजवळ जमिनीवर बसला. निघायची त्याला घाई नव्हती. सगुणाने वळकटीची दोरी सोडली, ट्रंकेतून एक पेला काढून धुतला आणि त्याला पाणी दिले.

"दौलत लहानपणापासूनच तसला," म्हातारे म्हणाले. कोणी विचारले नव्हते. तेच बोलू लागले. "पाच-सहा वर्षांचा असेल. शेजारच्याचं मांजर झाडावर अडकलं, म्हणून हा चढला. मांजर आपलं आपण उतरून गेलं. हा वर तसाच बसलेला! खाली यायला येईना. सगळी आळी जमली. चांगलं मोठं चिंचेचं झाड होतं, घरामागं."

"चिंचेचं नव्हे, मामंजी," सगुणा चुलीपाशी बसून लाकडे सारता सारता म्हणाली. तिच्या आवाजात हसू होते. "जांभळाचं. ते मला नेहमी जांभूळच सांगायचे. कपड्यांना डाग पडले म्हणून मार खाल्ला होता त्यांनी."

"चिंच होती गं. मी बाप आहे त्याचा."

"आणि मी बायको आहे."

दोघे त्यावरून बराच वेळ भांडत राहिले. चुलीवर चहाचे पाणी उकळू लागले. श्रीरंग पेला हातात धरून ऐकत होता. झाड चिंचेचे होते की जांभळाचे, हे त्याने विचारले नाही.